वाचक विचारतात : सूर्यास्ताला विरणारी जादू

मागील अंकातील एका टिपणात इंग्रजी बालसाहित्यकार एडिथ नेस्बिट (1858–1924) यांचा ओझरता उल्लेख आला होता. मुलांसाठी लिहिल्या जाणाऱ्या अद्भुतकथेला आजचे वळण त्यांनी लावले, एवढेच एक वाक्य त्यात होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काही निवडून येथे उत्तरे देत आहोत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत आणि लांब पत्रे संक्षेपाने घेतली आहेत.

प्रश्न : पुस्तकांवर ‘ई. नेस्बिट’ एवढेच छापलेले असते. माझ्या वर्गातील मुलांनी हे लेखक पुरुष असावेत असे धरून चालले होते आणि खरे सांगायचे तर मीही तसेच धरले होते. या बाई कोण, कोठल्या, आणि लेखनाकडे कशा वळल्या? (एक शिक्षिका, नाशिक)

उत्तर : आपल्या विद्यार्थ्यांसारखा समज त्या काळातील वाचकांचाही होत असे, आणि नेस्बिट यांना त्याची अडचण वाटत असावी असे दिसत नाही. 15 ऑगस्ट 1858 रोजी लंडनच्या केनिंग्टन भागात त्यांचा जन्म झाला. वडील कृषिरसायनतज्ज्ञ होते आणि तेथेच शेतीशिक्षणाची एक संस्था चालवीत असत. एडिथ चार वर्षांची होण्याआधीच ते वारले. थोरल्या बहिणीला क्षयाने गाठले आणि तिला मानवेल अशा हवेच्या शोधात आई मुलांना घेऊन फ्रान्समध्ये गावोगाव फिरत राहिली. या भटकंतीत बोर्दो येथे एका चर्चच्या तळघरात भिंतीशी उभे करून ठेवलेले वाळलेले मृतदेह त्या लहान मुलीने पाहिले. ती भीती आपल्याला पुढे कित्येक वर्षे सोडून गेली नाही, असे त्यांनी स्वतःच्या बालपणावरील लेखांत लिहिले आहे. शेवटी कुटुंब केंट परगण्यातील हॉल्स्टेड या गावी काही काळ स्थिरावले. घराजवळून आगगाडीचा रूळ जात असे. ‘द रेल्वे चिल्ड्रन’ (1906) वाचलेल्यांना तो रूळ ओळखीचा वाटेल.

1880 साली एप्रिलमध्ये ह्यूबर्ट ब्लँड यांच्याशी त्यांचा विवाह झाला, तेव्हा त्यांना सातवा महिना होता. ह्यूबर्ट यांचा ब्रश तयार करण्याचा धंदा होता. लवकरच त्यांना देवी निघाल्या, आणि ते अंथरुणावर असताना भागीदाराने धंद्यातील पैसा गिळला असे चरित्रकार सांगतात. पदरात तान्हे मूल, नवरा आजारी आणि घरात दमडी नाही, अशा अवस्थेत बावीस वर्षांच्या एडिथने हाताशी होते ते विकायला काढले. मासिकांना कविता दिल्या, गोष्टी दिल्या, शुभेच्छापत्रांवर चित्रे रंगवून ती विकली. पुढील जवळजवळ वीस वर्षे त्यांनी मिळेल ते लेखन केले. त्यात भुताच्या कथा होत्या, कादंबऱ्या होत्या, आणि नवऱ्यासह ‘फेबियन ब्लँड’ या टोपणनावाने केलेले लेखनही होते. स्वतःला त्या मनातून कवयित्रीच मानीत असत. आज त्यांच्या कविता क्वचितच कोणी वाचतो. 1899 मध्ये ‘द स्टोरी ऑफ द ट्रेझर सीकर्स’ हे पुस्तक आले तेव्हा त्या चाळिशी ओलांडून गेल्या होत्या. आई वारलेली, वडिलांचा धंदा बुडालेला, आणि घरातली सहा भावंडे कुटुंबाची गेलेली पत परत मिळवण्यासाठी गुप्तधन शोधायला निघतात, अशी ती गोष्ट आहे. आपल्यापैकी गोष्ट कोण सांगत आहे हे गुपित ठेवण्याची प्रतिज्ञा करणारा ऑस्वाल्ड प्रत्येक पानावर स्वतःचीच इतकी तारीफ करतो की ते गुपित दोन-चार पानेही टिकत नाही. या पुस्तकात जादूचा मागमूस नाही. मात्र मुले एकमेकांशी खरोखर कशी बोलतात, भांडतात आणि मोठ्यांचे शब्द अर्धवट समजून कशी फसतात, हे ज्या कानाने टिपले, तोच कान पुढे जादूच्या गोष्टींना उपयोगी पडला.

प्रश्न : जादूचा गालिचा, इच्छा पुरवणारा राक्षस, अंगठी हे सगळे अरबी कथांत आणि आपल्याकडील आजीच्या गोष्टींतही होतेच. मग यांनी नवे काय केले? (पुणे, कोल्हापूर आणि बेळगाव येथून तीन पत्रे)

उत्तर : प्रश्न रास्त आहे. साहित्य सगळे जुनेच होते. नेस्बिट यांनी त्याला जमाखर्चाची वही लावली, असे आमचे मत आहे. जुन्या गोष्टीत राजपुत्र गालिच्यावर बसतो आणि इच्छित स्थळी पोचतो. गालिचा झिजतो का, फाटला तर कोणी शिवायचा, हे कोणी विचारत नाही. ‘द फीनिक्स अँड द कार्पेट’ (1904) मध्ये मुलांच्या खोलीतील जुना गालिचा दारूकामाची चाचणी घेताना जळतो, म्हणून आई एक वापरलेला गालिचा विकत आणते आणि त्याच्या गुंडाळीतून फीनिक्स या राखेतून पुन्हा जन्मणाऱ्या काल्पनिक पक्ष्याचे अंडे निघते. गालिचा जादूचा असला तरी मुळात जुनाच. रोजच्या सफरींनी तो विरत जातो, त्याला भोक पडते, आणि अँथिया ही थोरली मुलगी घरातली साधी लोकर घेऊन त्याला रफू करते. लोकरीत जादू नसते. त्यामुळे रफूच्या जागेवर गालिच्याची शक्ती चालत नाही आणि त्यावर उभे राहणाऱ्याची फजिती होते. अद्भुताला घरच्या सुईदोऱ्याने गाठणारी ही कल्पना त्या काळी अगदी नवी होती.

त्याआधीच्या ‘फाइव्ह चिल्ड्रन अँड इट’ (1902) मध्ये हा हिशेब अधिक कठोर आहे. केंटमधील एका खडीच्या खाणीत खेळताना सिरिल, अँथिया, रॉबर्ट आणि जेन यांना वाळूत दडलेला एक हजारो वर्षांचा प्राणी सापडतो. गोगलगायीसारखे शिंगांच्या टोकांवर डोळे, वटवाघळाचे कान, कोळ्यासारखे गोल पण केसाळ अंग आणि माकडाचे हातपाय असे त्याचे रूप आहे. अंग फुगवून तो इच्छा पुरवतो, पण त्याचा स्वभाव मात्र तिरसट. पाण्याचा एक थेंब लागला तरी त्याची प्रकृती बिघडते आणि त्या जुन्या दुखण्याचे गाऱ्हाणे तो सतत गात असतो. (परी म्हटली की गोड बोलणारीच असली पाहिजे, हा समज या एका प्राण्याने मोडीत काढला.) दिवसाला एक इच्छा आणि सूर्यास्ताबरोबर सगळे नाहीसे, हा त्याचा नियम. मुले सुंदर होण्याची इच्छा करतात, तर सांभाळणारी बाई त्यांना ओळखत नाही आणि घरात घेत नाही, त्यामुळे दिवसभर उपाशी राहावे लागते. खाणभर सोने मागतात, तर जुन्या गिनींचा ढीग मिळतो, पण ते चलनातून गेलेले नाणे एकही दुकानदार घेत नाही आणि मुलांवर चोरीचा संशय येतो. पंख मागतात, तर उडून दमल्यावर चर्चच्या मनोऱ्यावर झोप लागते, सूर्य मावळतो, पंख जातात आणि कुलूपबंद मनोऱ्यावर चौघे अडकतात.

येथे तात्पर्याचा वास येईल अशी आपल्याला शंका येणे साहजिक आहे. हाव वाईट, समाधान चांगले, असे शिकवणारी पुस्तके त्या काळी इंग्लंडमध्ये पोत्याने निघत असत. नेस्बिट यांच्या मुलांची चूक मात्र हावेची क्वचितच असते. ती इच्छा नीट बोलत नाहीत, एवढेच त्यांचे चुकते. कंटाळून, चिडून किंवा गंमत म्हणून तोंडातून निसटलेले वाक्य तो प्राणी अक्षरशः खरे करतो. मुलांचे मोठ्यांशी असलेले नातेही बहुधा असेच असते. त्यांनी म्हटले एक असते, धरले जाते दुसरेच. या गोष्टी मुलांना पटण्याचे कारण येथे आहे असे आम्हाला वाटते. या कथा ‘स्ट्रँड’ मासिकात क्रमशः प्रसिद्ध होत. शेरलॉक होम्सही त्याच मासिकात येत असे. एच. आर. मिलर यांच्या चित्रांनी त्या प्राण्याला जे रूप दिले, तेच पुढे कायम झाले. मासिकाची मुदत गाठण्यासाठी लिहिलेले असल्याने प्रत्येक प्रकरण स्वतंत्रपणे वाचता येते. रोज रात्री एक प्रकरण वाचून दाखवणाऱ्या पालकांना ही सोय फार मोलाची आहे.

प्रश्न : त्या प्राण्याच्या नावाचा उच्चार काय? (इयत्ता सातवीतील विद्यार्थी, सोलापूर)

उत्तर : ‘सॅमिअ‍ॅड’. लिहिताना आरंभी ‘पी’ हे अक्षर असते, ते उच्चारायचे नाही. वाळूला ग्रीक भाषेत जो शब्द आहे त्यावरून लेखिकेने हे नाव घडवले. पुस्तकातील मुलांनाही ते आधी कळत नाही, तेव्हा आपण निर्धास्त असावे.

प्रश्न : त्यांच्या घरात नवऱ्यापासून दुसऱ्या स्त्रीला झालेली मुले त्यांनी स्वतःची म्हणून वाढवली, असे वाचनात आले. हे खरे आहे काय? आणि असे असताना मुलांच्या लेखिका म्हणून त्यांचे कौतुक करणे कितपत योग्य? (एक सेवानिवृत्त वाचक, ठाणे)

उत्तर : पहिल्या भागाचे उत्तर होकारार्थी आहे. अ‍ॅलिस होटसन या मैत्रीण म्हणून घरी आल्या, पुढे घरकाम आणि लेखनिकाचे काम पाहत तेथेच राहिल्या. त्यांना ह्यूबर्ट यांच्यापासून 1886 मध्ये रोझामंड ही मुलगी आणि 1899 मध्ये जॉन हा मुलगा झाला. दोघांनाही एडिथ यांनी आपलीच अपत्ये म्हणून वाढवले. ही गोष्ट त्यांनी सहजपणे स्वीकारली असे समजण्याचे कारण नाही. घरात भांडणे झाली, कडवटपणा आला. स्वतः त्यांचेही इतर पुरुषांशी भावबंध जुळले, आणि ऐन उमेदीत त्या नाटककार बर्नार्ड शॉ यांच्यावर अनुरक्त होत्या, हेही चरित्रांतून आलेले आहे.

दुसऱ्या भागाशी मात्र आम्ही सहमत नाही. ‘फाइव्ह चिल्ड्रन अँड इट’ हे पुस्तक त्यांनी जॉनला अर्पण केले आणि त्यातील ‘लँब’ हे तान्हे बाळ जॉनवरूनच रेखाटले आहे. त्या पुस्तकात एक प्रकरण असे आहे की, रडक्या बाळाला सांभाळून वैतागलेला रॉबर्ट बोलून जातो की हे बाळ सगळ्यांनाच मनापासून हवेसे वाटू दे, म्हणजे आपल्याला निवांतपणा मिळेल. सॅमिअ‍ॅड ते खरे करतो. मग रस्त्यावरची श्रीमंत बाई ते पळवू पाहते, जिप्सींचा तांडा त्याच्यासाठी हटून बसतो, आणि दिवसभर चारी भावंडे त्या बाळाला जिवापाड जपत फिरतात. दुसरीच्या पोटी जन्मलेल्या मुलाला उद्देशून एका स्त्रीने हे प्रकरण लिहिले, हे माहीत झाल्यावर ते पुन्हा वाचून पाहावे. माणसाच्या वागण्याचा निवाडा करण्याआधी ते वीस-पंचवीस मिनिटांचे काम आहे.

याच घरावर ऑक्टोबर 1900 मध्ये मोठा आघात झाला. पंधरा वर्षांचा मुलगा फेबियन याच्यावर घशाची किरकोळ शस्त्रक्रिया घरीच करण्यात आली, आणि भुलेतून तो जागा झाला नाही. पुढच्याच वर्षी आलेले ‘द वुडबीगुड्स’ त्याला अर्पण केलेले आहे. ते पुस्तक विनोदी आहे.

प्रश्न : त्या समाजवादी होत्या असे वाचनात आले. मुलांच्या पुस्तकांत त्याचे काही प्रतिबिंब आहे का? (एक प्राध्यापक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : जानेवारी 1884 मध्ये लंडनमध्ये फेबियन सोसायटी ही समाजवादी विचारांची संस्था स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत ब्लँड पतिपत्नी होते, आणि वर उल्लेखिलेल्या मुलाचे नाव या संस्थेवरूनच ठेवलेले आहे. शॉ आणि पुढे कादंबरीकार एच. जी. वेल्स हे याच मंडळींतले. मराठी वाचकांना होमरूल चळवळीमुळे परिचित असलेल्या अ‍ॅनी बेझंट याही भारतात येण्यापूर्वी काही वर्षे या संस्थेत होत्या. विचारांनी पुरोगामी असूनही स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत नेस्बिट यांनी उत्साहाने भाग घेतला नाही. केस कापणाऱ्या, सैल झगे घालणाऱ्या आणि सतत सिगारेट ओढणाऱ्या या बाईंच्या बाबतीत ही विसंगती अभ्यासकांना नेहमी खटकत आली आहे. आम्हालाही खटकते.

पुस्तकांतील प्रतिबिंबासाठी ‘द स्टोरी ऑफ द अ‍ॅम्युलेट’ (1906) पाहावे. अर्धा ताईत हाती लागल्याने मुले इजिप्त, बॅबिलोन, अटलांटिस अशा प्राचीन जगांत जाऊन येतात. त्यासाठी लागणारी माहिती ब्रिटिश म्युझियममधील प्राच्यविद्या तज्ज्ञ वॉलिस बज यांच्याकडून घेतलेली होती आणि पुस्तकही त्यांनाच अर्पण केले आहे. बॅबिलोनची राणी लंडनला येते तेव्हा मळक्या कपड्यांतील थकलेले कामगार पाहून, तुमच्याकडे गुलामांना इतके वाईट का ठेवतात, असे ती विचारते. ते गुलाम नाहीत, त्यांना मताचा अधिकार आहे, असे मुले सांगतात. तो अधिकार नेमका काय करतो, हे मात्र त्यांना समजावून देता येत नाही. याच पुस्तकात मुले भविष्यातील स्वच्छ, हिरव्या लंडनमध्येही जातात, आणि तेथे भेटणाऱ्या मुलाचे नाव वेल्स असते. मित्राची ही थट्टाही आहे आणि त्याला केलेला नमस्कारही आहे. पुढे याच वेल्स यांचे रोझामंडशी प्रकरण झाले आणि दोन्ही घरांची मैत्री संपली.

प्रश्न : जुन्या इंग्रजी बालसाहित्यात आपल्या देशाबद्दल आणि इतर वंशांबद्दल जे लिहिलेले असते ते वाचून चीड येते. नेस्बिट यास अपवाद आहेत काय? (न्यू जर्सी येथून एक मराठी पालक)

उत्तर : अपवाद नाहीत. ‘ट्रेझर सीकर्स’मध्ये हिंदुस्थानातून परतलेला एक काका येतो. त्याच्यासंबंधी मोठ्यांनी वापरलेल्या शब्दांचा चुकीचा अर्थ लावून मुले त्याला गरीब समजतात आणि स्वतःच्या पैशांनी जेवू घालतात. तो निघतो गडगंज श्रीमंत, आणि कुटुंबाचे दैन्य फिटते. गोष्ट गोड आहे. पण तो पैसा हिंदुस्थानात कसा मिळाला, हा प्रश्न तिच्यात कोणाच्या मनात येत नाही. ‘फीनिक्स’मध्ये आईच्या धर्मादाय विक्रीसाठी वस्तू हव्यात म्हणून मुले गालिच्यावरून हिंदुस्थानात येतात, एका कंटाळलेल्या राणीचे मन रिझवतात आणि भेटवस्तूंचा ढीग घेऊन परततात. मजुरांच्या दैन्याचा इतका बारकाईने विचार करणाऱ्या लेखिकेला हिंदुस्थान मात्र उघडून वस्तू काढाव्यात अशी पेटी वाटला. त्याच पुस्तकात उष्ण कटिबंधातील बेटावरचे लोक ज्या पद्धतीने रंगवले आहेत, आणि ‘अ‍ॅम्युलेट’मध्ये लंडनच्या शेअरबाजारातील ज्यूंची जी चित्रे आहेत, ती निःसंशय ओंगळ आहेत.

आपण मुलांना ही पुस्तके देऊ नयेत असे आम्ही म्हणणार नाही. दहा-अकरा वर्षांच्या मुलांना सोबत बसून वाचून दाखवावीत, आणि अशी जागा आली की गुपचूप गाळून पुढे न जाता थांबून बोलावे. बोललेले वाक्य अक्षरशः खरे करणारा जिचा सॅमिअ‍ॅड मुलांना आवडतो, तिच्याच एखाद्या वाक्याला हिशेब विचारणे त्यांना अवघड जात नाही.

प्रश्न : पुढच्या लेखकांवर त्यांचा प्रभाव कितपत? (एक ग्रंथपाल, पणजी)

उत्तर : नार्नियाच्या कथांचे लेखक सी. एस. लुइस यांनी ‘अ‍ॅम्युलेट’ बालपणी वाचल्याचे नमूद केले आहे. त्यांच्या ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’च्या आरंभीच ऑस्वाल्डच्या बॅस्टेबल कुटुंबाचा उल्लेख येतो, आणि त्यात प्राचीन जगातील राणी लंडनमध्ये येऊन जो गोंधळ घालते तो बॅबिलोनच्या राणीची आठवण करून देतो. जे. के. रोलिंग यांनीही नेस्बिट यांच्याशी आपले नाते जवळचे असल्याचे सांगितले आहे. केट साँडर्स यांनी 2014 मध्ये सॅमिअ‍ॅड सापडलेल्या मुलांची पुढील कथा लिहिली. 1902 मध्ये खाणीत खेळणारी मुले 1914 मध्ये युद्धावर जाण्याच्या वयाची होतात, एवढे साधे गणित तिच्या मुळाशी आहे.

भीतीच्या बाबतीत त्यांची बरोबरी मात्र थोड्यांनाच साधली. ‘द एन्चँटेड कॅसल’ (1907) मध्ये मुले नाटकाला प्रेक्षक हवेत म्हणून काठ्या, जुने कोट, हातमोजे आणि कागदी मुखवटे यांची माणसे बनवून खुर्च्यांवर बसवतात. नको त्या क्षणी इच्छा खरी ठरते आणि ती रिकामी माणसे टाळ्या वाजवतात, उठून बाहेर येतात. त्यांतील एक जण, तोंडात टाळू नसल्याने केवळ स्वरांत, जवळपासच्या चांगल्या हॉटेलाची चौकशी करतो. बोर्दोच्या तळघरात जे भिंतीशी उभे होते, ते चाळीस वर्षांनी असे चालू लागले असावेत.

प्रश्न : त्यांच्या पुस्तकांचा मराठी अनुवाद करायचा असल्यास परवानगी कोणाकडे मागावी? आणि इतके लोकप्रिय लेखन असूनही त्यांचा शेवट हलाखीत झाला हे खरे का? (अनुवादाची आवड असलेल्या वाचक, अमरावती)

उत्तर : परवानगीची गरज नाही. भारतात त्यांच्या लेखनावरील स्वामित्वहक्काची मुदत केव्हाच संपली आहे. सुरुवात ‘फाइव्ह चिल्ड्रन’ने करावी, आणि सॅमिअ‍ॅडच्या तोंडी एखाद्या कुरकुरणाऱ्या वृद्ध नातेवाइकाची बोलभाषा घालावी. प्रमाण मराठीत तो शोभणार नाही.

हलाखी म्हणता येईल की नाही सांगणे कठीण, पण ओढाताण नक्की होती. पैसा आला तसा गेला. एल्थम येथील वेल हॉल या खंदक असलेल्या प्रशस्त घरात त्या 1899 पासून राहत, आणि तेथे पाहुण्यांना व मेजवान्यांना खंड नसे. 1914 मध्ये ह्यूबर्ट वारले, महायुद्ध सुरू झाले, पुस्तकांची मागणी घटली. 1915 मध्ये सरकारने त्यांना वर्षाला 60 पौंडांचे निवृत्तिवेतन दिले. त्यांनी घरात भाडेकरू ठेवले, बागेतील फळे, भाजी आणि फुले विकली, कोंबड्यांची अंडी विकली. 1917 मध्ये त्यांनी टॉमस टकर यांच्याशी विवाह केला. वुलिच येथील नदीपार नेणाऱ्या बोटीवर ते अभियंता होते आणि घरात सगळे त्यांना ‘स्किपर’ म्हणत. शिक्षण, राहणी, बोली, कशातच दोघांचे साम्य नव्हते, आणि हा संसार सुखाचा झाला. 1922 मध्ये वेल हॉल सोडून दोघे केंटच्या किनाऱ्यावर साध्या बैठ्या घरात राहायला गेले. तेथे 4 मे 1924 रोजी नेस्बिट यांचे निधन झाले. सेंट मेरी इन द मार्श या गावच्या चर्चच्या आवारात त्यांना पुरले आहे. थडग्यावर दगड नव्हता. दोन खांबांवर आडवी बसवलेली लाकडी पट्टी होती, आणि ती टकर यांनी स्वतःच्या हाताने तयार केली होती.